एच प्रोसेसर की हलका लॅपटॉप? साईटवर फिरणाऱ्या इंजिनिअरसाठी सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या मॅडम नाशिकच्या स्ट्रक्चरल इंजिनिअर आहेत, आठवड्यातले दोन-तीन दिवस सिन्नर-इगतपुरीकडच्या साईटवर, अधूनमधून पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला, बाकी दिवस ऑफिसात. काम म्हणजे ऑटोकॅड, एक्सेल, भरपूर पीडीएफ, ईटॅब्स (इमारतीच्या मजबुतीचं गणित करणारं सॉफ्टवेअर), थोडं रेव्हिट (इमारतीचं थ्रीडी मॉडेल बनवणारं) आणि रोजच्या ऑनलाइन मीटिंगा. ऑफिसात एक जुना डेस्कटॉप आहे. बजेट लाखाच्या आसपास. एकीकडे १५.६ इंची, एच प्रोसेसर (जास्त वीज खाणारा, ताकदीचा) आणि आरटीएक्स ४०५० ग्राफिक्स कार्ड असलेला २.३ किलोचा गेमिंग लॅपटॉप, दुसरीकडे १४ इंची १.३ किलोचा. दुकानदार म्हणतोय इंजिनिअरिंगला एच सिरीजच लागते. त्यांना विचारायचंय की हलका घेतला तर दोन वर्षांनी पस्तावायची वेळ येईल का, आणि कंपन्या १५-१८ तास बॅटरी सांगतात त्यातले खरे किती.

मी बरीच वर्षं इंजिनिअरिंग आणि सीए लोकांच्या ऑफिसांना लॅपटॉप निवडून देतो, सेटअप करतो आणि नंतर त्यांच्या तक्रारीही मीच ऐकतो. त्यामुळे आधी उत्तर सांगतो मग कारणं. हलका घ्या, पण ३२ जीबी रॅमचा आणि ६५ वॅट-अवरच्या (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) पुढच्या बॅटरीचा घ्या, आणि ईटॅब्सचे मोठे रन, म्हणजे लांबलचक गणितं, ऑफिसातल्या डेस्कटॉपवर ठेवा. दुकानदार जो जास्तीचा परफॉर्मन्स दाखवतोय तो खोटा नाहीये, पण तो भिंतीतल्या प्लगला जोडलेला आहे. तुमचं निम्मं काम प्लगपासून लांब चालतं, तिथे तो परफॉर्मन्स तुमच्याबरोबर येतच नाही, वजन मात्र येतं.

आता नावांच्या गोंधळापासून सुरू करू. इंटेलच्या नावाच्या शेवटचं अक्षर म्हणजे साधारण किती वॅट खायची परवानगी आहे त्याची पाटी. यू म्हणजे १५ वॅट, पी म्हणजे २८ (ही १२व्या-१३व्या पिढीत होती, आता बंद झाली), एच म्हणजे ४५, एचएक्स म्हणजे ५५. पण हा फक्त बेस आकडा. आय७ १३५५यू चा बेस १५ वॅट आणि वरची मर्यादा ५५, आय७ १३७००एच चा बेस ४५ आणि वरची ११५. शिवाय २०२३ च्या डिसेंबरमध्ये कोअर अल्ट्रा आले तेव्हापासून १२५एच, १५५एच अशा नावात एच असूनही बेस २८ वॅटच आहे, म्हणजे जुन्या पी चीच जागा त्यांनी घेतली. म्हणून नुसतं "एच आहे का" असं विचारून काही कळत नाही. आणि बॉक्सवर "कोअर ५ १२०यू" किंवा "कोअर ५ २१०एच" असं असेल, मध्ये अल्ट्रा नसेल, तर आत जुन्या १३व्या पिढीचंच डिझाइन आहे हे लक्षात ठेवा, वाईट नाही पण त्या हिशोबाने पैसे द्या.

एएमडीचं तर अजून अवघड. रायझन ५ ७५२०यू, ७५३०यू आणि ७५४०यू ही तिन्ही नावं वाचून एकाच घरातली भावंडं वाटतात, पण तिसरा आकडा बघायचा असतो. झेन हे एएमडीच्या प्रोसेसर डिझाइनचं नाव, पुढचा आकडा पिढीचा. २ म्हणजे झेन २, ३ म्हणजे झेन ३ किंवा ३ प्लस, ४ म्हणजे झेन ४. ७५२०यू मध्ये २०१९ च्या जमान्यातल्या डिझाइनचे चार कोअर (प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग) आहेत. सेलमध्ये "लेटेस्ट रायझन ७००० सिरीज" म्हणून हा खूप खपतो आणि लोक वर्षभरात माझ्याकडे स्लो झाला म्हणून घेऊन येतात. तो स्लो झालेला नसतो, तो पहिल्या दिवसापासून तसाच असतो.

आता मुख्य मुद्दा. तुमच्या कामातलं नक्की काय प्रोसेसरला ताणतं ते वेगळं काढा. ऑटोकॅडमध्ये ड्रॉइंग उघडणं, झूम, पॅन, रिजेन (ड्रॉइंग पुन्हा आखून घेणं), ब्लॉक हलवणं हे जवळजवळ सगळं एका कोअरवर चालतं. रेव्हिटमधलंही मॉडेल हाताळणं बरंचसं तसंच. एक्सेलमध्ये टाइप करणं, ब्राउझरमध्ये टॅब उघडणं, पीडीएफ स्क्रोल करणं, सगळं एक-दोन कोअरचं काम. आणि एका कोअरच्या वेगात यू आणि एच मध्ये फरक फारच थोडा असतो. वरचंच उदाहरण घ्या, १३५५यू चा टर्बो, म्हणजे कमाल वेग, ५ गिगाहर्ट्झ आणि १३७००एच चा पण ५ गिगाहर्ट्झच. आय५ मध्ये १३३५यू चा ४.६ आणि १३५००एच चा ४.७. एकटा कोअर पूर्ण वेगाने पळायला १५-२५ वॅटच्या आत भागतं, त्यामुळे दिवसभरात तुम्ही माऊस हातात धरून जे करता त्यात दोन्ही लॅपटॉप जवळपास सारखेच वाटणार. फरक कुठे पडतो तर सगळे कोअर एकदम, आणि तेही बराच वेळ चालवायचे असतील तिथे. ईटॅब्समध्ये पंधरा-वीस मजल्यांचं मॉडेल, नॉनलिनिअर किंवा टाइम हिस्टरी (भूकंपासारख्या धक्क्यांची जास्त किचकट गणितं) लावून रन टाकला, किंवा सीपीयूवर रेंडरिंग लावलं, की मग १३७००एच चे १४ कोअर आणि १३५५यू चे १० कोअर यांतलं अंतर दिसतं, कारण त्या दहातले मोठे कोअर फक्त दोनच आहेत आणि एच मध्ये सहा.

तर स्वतःला विचारा, आठवड्यात असे लांब रन किती, आणि ते साईटवर बसून करायला लागतात का. माझ्या ओळखीतल्या बहुतेक स्ट्रक्चरल लोकांचं उत्तर असतं की रन संध्याकाळी ऑफिसात लावतो. साईटवर लागतं ते ड्रॉइंग उघडून बघणं, एखादं बीम डिटेल बदलून पीडीएफ काढणं, बीबीएस (सळ्यांच्या कापणी-वाकवणीचा तक्ता) तपासणं, फोटो टाकून रिपोर्ट. याला एच ची गरज नाही.

वॅट वाढवले की वेग त्या प्रमाणात वाढत नाही, हे कोणी दुकानात सांगत नाही म्हणून इथे जरा थांबतो. चिपची पॉवर वेगाबरोबर वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाबरोबर वाढते, आणि वेग वाढवायचा तर व्होल्टेजही चढवावं लागतं. म्हणजे शेवटचा थोडासा वेग काढायला प्रचंड वीज जाते. बाइक ५० ने चालवली तर ॲव्हरेज देते आणि ९० ने पळवली की पेट्रोल ढसाढसा पिते तसंच. ढोबळमानाने १५ वरून ३० वॅटला गेलात तर चांगला फरक कळतो, ३० वरून ४५ ला बऱ्यापैकी, आणि ४५ वरून ९० ला गेलात तर वीज दुप्पट जळते, पंखा कानठळ्या बसवतो आणि काम मात्र थोडंसंच लवकर संपतं. म्हणूनच मला २८ वॅटच्या आसपासचे लॅपटॉप फिरतीच्या लोकांसाठी सगळ्यात समजूतदार वाटतात.

त्यातही प्रोसेसरला वॅट मिळणार किती हे चिप ठरवत नाही, लॅपटॉपचं शरीर ठरवतं. पहिले काही सेकंद, कधी अर्धा-एक मिनिट, तो वरच्या मर्यादेपर्यंत उड्या मारतो, मग तापला की कंपनीने ठरवलेल्या खालच्या मर्यादेवर येऊन बसतो. एकच आय७ एका लॅपटॉपमध्ये १५ वॅटवर बसतो आणि दुसऱ्यात ३५ वर, आणि मग जाड बॉडीतला आय५ बारीक बॉडीतल्या आय७ ला मागे टाकतो, हे मी अनेकदा बघितलंय. त्यामुळे रिव्ह्यू बघताना सिनेबेंचचा (प्रोसेसरचा वेग मोजणारी चाचणी) पहिला आकडा बघू नका, दहा मिनिटं सलग चालवल्यावरचा आकडा शोधा. आय५ वरून आय७ ला जायचे दहा-पंधरा हजार जास्त मागत असतील आणि बॉडी तीच असेल, तर ते पैसे रॅमला लावा. ईटॅब्स, रेव्हिट आणि क्रोम एकत्र उघडे असताना १६ जीबी भरते आणि भरली की कुठलाही प्रोसेसर रडतो. बारीक लॅपटॉपमध्ये रॅम बहुतेक बोर्डावर सोल्डर केलेली असते, नंतर वाढवता येत नाही, त्यामुळे तो निर्णय घेतानाच घ्यायचा.

मग बॅटरीवर काय होतं? इथेच दुकानातला डेमो फसवा ठरतो, कारण डेमो कायम चार्जर लावून असतो. गेमिंग लॅपटॉपचा प्लग काढला की तो स्वतःहून प्रोसेसरचे वॅट खाली आणतो, ग्राफिक्स कार्डला तर फारच बांधून टाकतो, कारण एवढ्याशा बॅटरीतून एवढी पॉवर सुरक्षितपणे काढताच येत नाही. म्हणजे साईटवरच्या कंटेनरमध्ये बसून तुम्ही तो २.३ किलोचा लॅपटॉप उघडलात की तो बराचसा त्या १.३ किलोच्या लॅपटॉपसारखाच वागायला लागतो, फक्त तीन तासांत झोपतो. ॲपलच्या एम सिरीजमध्ये प्लग असो नसो वेग जवळपास तोच राहतो, आणि इंटेलच्या कोअर अल्ट्रा २०० व्ही (२५८व्ही सारखी, नावाच्या शेवटी व्ही असलेली कमी वीज खाणारी मालिका) मध्येही ही घट कमी दिसते. बाकी बऱ्याच विंडोज लॅपटॉपमध्ये बॅटरीवर परफॉर्मन्स उतरतो आणि किती उतरतो ते कंपनीच्या सेटिंगवर आहे. रिव्ह्यूत हे वेगळं तपासलं असेल तर तो रिव्ह्यू पुढे वाचा, नसेल तर सोडा.

आता ते १५-१८ तास. खोटं म्हणता येणार नाही पण ते तुमच्या कामाचं मोजमाप नाही. अनेक कंपन्यांचा आकडा व्हिडिओ लूपवर काढलेला असतो. ब्राइटनेस १५०-२०० निट्स (स्क्रीनच्या उजेडाचं माप), फाइल लॅपटॉपमध्येच साठवलेली, आणि व्हिडिओ उलगडायला चिपमध्ये वेगळा छोटा भाग असतो त्यामुळे मुख्य कोअर झोपलेले. ॲपल वेबचा आणि व्हिडिओचा असे दोन आकडे वेगळे देते, २०२५ च्या एम४ एअरला वेबवर १५ तास आणि व्हिडिओवर १८. दोन्ही आकडे असतील तर नेहमी वेबचा धरा. आणि त्यातूनही निम्मा ते दोन-तृतीयांश हाताशी लागेल असं समजून चाला.

त्यापेक्षा स्वतः हिशोब करा, सोपा आहे. बॅटरीवर वॅट-अवर लिहिलेले असतात, त्याला लॅपटॉप सरासरी किती वॅट खातो त्याने भागा. काही बॅटऱ्यांवर व्होल्ट आणि एमएएच असतं, तर गुणा, ११.४ व्होल्ट आणि ४००० एमएएच म्हणजे ११.४ गुणिले ४, साधारण ४५ वॅट-अवर. स्वस्तातल्या १५ इंची लॅपटॉपमध्ये ४१ ते ४५ असते, बऱ्या १४ इंचीत ५५ ते ७५, आणि मोठ्यात जास्तीत जास्त ९९ च्या आसपास. ९९ च्या पुढे का नाही तर विमानात केबिनमध्ये विनापरवानगी १०० वॅट-अवरपर्यंतच बॅटरी चालते म्हणून सगळे तिथे येऊन थांबतात.

खाण्याचा आकडा असा. चांगल्या १४ इंची लॅपटॉपवर पीडीएफ, एक्सेल, ब्राउझर असं मिश्र काम ६ ते ९ वॅटमध्ये होतं, कोअर अल्ट्रा २०० व्ही किंवा मॅकबुक एअरवर ४ ते ६ मध्ये. गेमिंग लॅपटॉप तेच काम करायला १३ ते २० वॅट घेतो, कारण १४४ हर्ट्झची स्क्रीन, मधूनच जागं होणारं ग्राफिक्स कार्ड, मोठा बोर्ड. ७० वॅट-अवरला ८ ने भागा, पावणेनऊ तास. ६० ला १६ ने भागा, पावणेचार. आता यातून अजून कापा. कोणी शून्यापर्यंत वापरत नाही, दहा टक्के राखून ठेवता. आणि दोन वर्षांनी बॅटरीची मूळ क्षमता ८०-८५ टक्क्यांवर आलेली असते. म्हणजे आजचे पावणेनऊ तेव्हा साडेसहाच्या आसपास, आणि पावणेचारचे पावणेतीन. पावणेतीन तासांत साईटवरचा दिवस निघत नाही, साडेसहात निघतो. तुमचा "दोन वर्षांनी पस्तावेन का" हा प्रश्न मला तरी प्रोसेसरपेक्षा इथे जास्त लागू दिसतो.

ऑनलाइन मीटिंगचं वेगळं सांगायला हवं कारण ती सगळे विसरतात. कॅमेरा, आवाज साफ करणं, पाठीमागचं धूसर करणं, तुमचा व्हिडिओ पाठवणं आणि आठ जणांचा उलगडणं, हे सगळं एकदम चालतं. पीडीएफला ७ वॅट घेणारा लॅपटॉप मीटिंगमध्ये १२ ते १८ वर जातो. तासभराची मीटिंग म्हणजे बॅटरीच्या हिशोबात दोन तास. बॅकग्राउंड ब्लर बंद करा, गरज नसेल तेव्हा कॅमेरा बंद करा, फरक लगेच दिसतो.

स्क्रीन ही दुसरी विसरलेली गोष्ट, आणि तुमच्यासाठी तर मी तिला प्रोसेसरच्या वर ठेवेन. ऑफिसात १५० निट्स पुरतात, पण उघड्या साईटवर किंवा पत्र्याच्या शेडच्या दाराशी २५० निट्सचा पॅनल असेल तर ड्रॉइंगमधल्या बारीक रेषा दिसतच नाहीत. ४०० निट्स आणि मॅट फिनिश बघा. ब्राइटनेस पूर्ण लावला की स्क्रीन एकटीच ४-५ वॅट घेते हे हिशोबात धरा, म्हणजे साईटवरचा दिवस ऑफिसच्या दिवसापेक्षा लवकर संपणार. ओएलईडी दिसायला सुंदर आहे, पण तिचा खर्च पांढऱ्या पानावर वाढतो आणि एक्सेल, पीडीएफ म्हणजे पांढरंच सगळं. वर ती बहुतेक चकचकीत असते, उन्हात स्वतःचं तोंड दिसतं. तुमच्या कामाला साधी मॅट आयपीएस, १६:१० आकाराची, फुल एचडीच्या जरा वरची. फोर-के नको, १४ इंचावर डोळ्याला फरक कळत नाही आणि बॅटरी कमी होते.

वजनाचं बोलताना लोक फक्त लॅपटॉपचं वजन बघतात. गेमिंग लॅपटॉपचा अडॅप्टर म्हणजे वीट असते, केबलसकट अर्धा किलो ते पाऊण किलो सहज. म्हणजे पाठीवर तीन किलो, त्यात हेल्मेट, टेप, डबा, पाण्याची बाटली. हलक्या लॅपटॉपला ६५ वॅटचा टाइप-सी चार्जर पुरतो, तोच फोनलाही चालतो, आणि पॉवर बँकही चालते. २०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे ३.७ व्होल्टने ७४ वॅट-अवर, मधली गळती जाऊन साठच्या आसपास हाती लागतात, म्हणजे हलक्या लॅपटॉपचं जवळजवळ एक पूर्ण चार्जिंग. पॉवर बँकेचं टाइप-सी आउटपुट ६५ वॅटचं आहे ना एवढं नक्की बघा, २२ वॅटवाली लॅपटॉपला उपयोगी नाही. साईटवर जनरेटरची वीज खालीवर होत असते तिथे लाखाचा लॅपटॉप थेट लावण्यापेक्षा हा मार्ग मला जास्त बरा वाटतो.

उन्हाळ्याचंही बोलू. ॲपल तिच्या लॅपटॉपसाठी भोवतालचं तापमान १० ते ३५ अंश सांगते, आणि आपल्याकडे मे महिन्यात नाशिकलाच चाळिशी गाठते, जळगाव-भुसावळकडे तर विचारूच नका. पंखा आत ओढतो ती हवाच गरम असली की ४५ वॅटचा प्रोसेसर ४५ वर टिकत नाही. कमी वॅटच्या मशिनला हा त्रास कमी होतो. बॅटरीसाठी तर उष्णता सगळ्यात वाईट, त्यात ती शंभर टक्के भरलेली असेल तर अजून. गाडीत डॅशबोर्डवर किंवा डिकीत लॅपटॉप सोडून साईट फिरू नका, आणि ऑफिसात दिवसभर प्लगला असेल तर कंपनीच्या ॲपमध्ये ८० टक्क्यांची मर्यादा लावा, साईटला जायच्या आदल्या रात्री तेवढी काढा.

मॅकबुक एअरबद्दल पण सांगतो कारण एक लाखात ते नाव निघतंच, एम४ एअर इथे ९९,९०० ला आला होता, १६ जीबीसकट. बॅटरी, वजन, शांतपणा यात त्याला तोड नाही. पण ईटॅब्स आणि रेव्हिट मॅकवर चालत नाहीत, आणि मॅकचं ऑटोकॅड विंडोजवाल्यासारखं पूर्ण नाही. तुमच्यासाठी विषय तिथेच संपला. तुमच्या ऑफिसातल्या अकाउंट्सवाल्याला किंवा लेखन करणाऱ्याला मी डोळे झाकून सुचवेन. स्नॅपड्रॅगन एक्स वाले विंडोज लॅपटॉप २०२४ च्या जूनपासून आलेत, बॅटरी खरंच छान देतात, पण ते आर्म चिपवर चालतात आणि जुनी सॉफ्टवेअर भाषांतर करून चालवतात. साधी ॲप चालून जातात, ड्रायव्हर मात्र असे चालवता येत नाहीत, ते आर्मसाठीच बनवलेले लागतात. म्हणजे लायसन्सचा डोंगल (सॉफ्टवेअर चालायला लावावी लागणारी यूएसबी चावी), डिजिटल सिग्नेचरचा यूएसबी टोकन, ऑफिसातला जुना प्लॉटर, यातलं काहीही अडू शकतं. टेंडर भरायच्या दिवशी टोकन ओळखला नाही तर बॅटरी कितीही असून काय करणार. तुमच्यासारख्यांनी सध्या इंटेल किंवा एएमडीवरच राहावं.

मग एचवाला जड लॅपटॉप कोणाला? ज्याच्याकडे डेस्कटॉप नाही आणि घेणारही नाही, जो लॅपटॉप टेबलावरून टेबलावर नेतो, ज्याला एन्स्केप किंवा लुमियन या सॉफ्टवेअरमध्ये वॉकथ्रू (इमारतीत फिरल्यासारखा व्हिडिओ) काढायचाय. या कामाला खरं ग्राफिक्स कार्ड लागतं, तिथे हलक्याचा आग्रह धरू नका. आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांना मी तोच सुचवतो आणि घेतल्यावर एक गोष्ट करायला लावतो, कॉलेजात बॅटरीवर असताना कंपनीच्या ॲपमधून ग्राफिक्स कार्ड पूर्ण बंद, स्क्रीन ६० हर्ट्झवर आणि सायलेंट मोड. तीन तासांचे चार-साडेचार होतात.

तुमच्यासाठी नेमकं सांगायचं तर पहिली पसंती कोअर अल्ट्रा ७ २५८व्ही. ३२ जीबी रॅम त्याच्या चिपवरच बसवलेली असते, आठ कोअर, बेस १७ वॅट, कमाल ३७. एका कोअरला झटपट, बॅटरीला उत्तम, पण सगळे कोअर लावून करायच्या कामात १५५एच त्याला मागे टाकतो हे माहीत असू द्या. ऑफरमध्ये बजेटला बसला तर हा. नाही बसला तर कोअर अल्ट्रा ५ १२५एच, २२५एच किंवा रायझन ७ ८८४०एचएस, १४ इंची, ३२ जीबी, बॅटरी ६५ च्या पुढे. यात बॅटरी तास-दोन तास कमी मिळेल पण मध्यम ईटॅब्स रन लॅपटॉपवरच निघेल. वाचलेल्या पैशातून डेस्कटॉपला रॅम आणि एसएसडी टाका, मोठे रन तिथे लावा आणि रिमोट डेस्कटॉपने साईटवरून बघा. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर एवढं आरामात होतं, कारण इकडे फक्त चित्र येतं, हिशोब तिकडे चालतो.

लॅपटॉप घरी आल्यावर रिटर्नची मुदत संपायच्या आत तीन गोष्टी तपासून घ्या. एक, एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकट टूल टाकून प्लग काढा, नेहमीचं काम करा आणि बॅटरीतून किती वॅट जातायत ते अर्धा तास बघा. वर सांगितलेल्या आकड्यांपेक्षा दुपटीने जास्त दिसलं तर टास्क मॅनेजर उघडा, बऱ्याचदा सोबत आलेला ट्रायल अँटीव्हायरस किंवा मागे सतत चालणारं अपडेट सापडतं. दोन, तुमचंच एक मोठं ईटॅब्स मॉडेल एकदा प्लगवर आणि एकदा बॅटरीवर रन करा, दोन्ही वेळा लिहून ठेवा. तीन, रात्री झाकण बंद करून ठेवा आणि सकाळी टक्के बघा. हल्लीचे विंडोज लॅपटॉप झाकण मिटल्यावर पूर्ण झोपत नाहीत, नेटला जोडून अर्धवट जागे राहतात, काही तर सॅकमध्ये तापून निघतात. रात्रीत पाच-सात टक्के गेले तर ठीक, वीस-पंचवीस गेले तर पॉवर सेटिंगमध्ये जाऊन झाकण बंद केल्यावर हायबरनेट असं करून टाका. उघडायला दहा-पंधरा सेकंद जास्त लागतील, पण साईटवर पोचल्यावर आदल्या रात्रीचं चार्जिंग जागेवर असेल.